अंकुशरावांच्या नावावरचा पाऊस

मी चन्नवीर. बीदरच्या एका संशोधन केंद्रात बसून गावोगावचे पावसाचे आकडे सर्व्हरवर लावतो. काम म्हणजे डब्यात डबा. जिल्ह्यात तालुका, तालुक्यात गाव, गावात एकेक वर्ष. हे सगळं एका एक्सएमएल फाइलीत मांडायचं, म्हणजे कुणालाही हवं ते वर्ष सापडतं. वरच्या डब्यावर एकदा लिहिलं की आतल्या सगळ्यांना आपोआप लागू. औरादजवळच्या एका गावावर मी लिहिलं, ‘मोजणारा : अंकुशराव’. १९९६ ते २०२३, अठ्ठावीस वर्षांना एका झटक्यात नाव लागलं. मी खूश.

साहेबांनी शोधून काढलं की अंकुशराव २००९ सालीच वारले.

“मेलेला माणूस पाऊस मोजायलाय व्हय?” म्हणाले. सोमवारपर्यंत खरं नाव आणा, नाहीतर गावाचे सगळे आकडे काढून टाका. माझं डोकंच फिरलं. साहेबांवर रागावलो, आणि खोटं कशाला बोलू, त्या मेलेल्या माणसावरही. शनिवारी औरादची बस धरली.

दार अंकुशरावांच्या बायकोनं उघडलं, सत्यभामाबाईंनी. आकडे कोण भरतं, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. मीच की, म्हणाल्या. मग नाव कामून त्यांचं? त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. शेत त्यांच्या नावावर, लाइटबिल त्यांच्या नावावर, तसा पाऊसबी. नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेत नाहीत, पण दर जूनला नव्या वहीवर ते नाव स्वतःच्या हातानं लिहितात.

मी २००९ची वही उघडली. ते गेले ती तारीख बाईंनी सांगितली. त्या दिवशी सकाळी साडेआठ, १४.२ मिलिमीटर. अक्षर जरासुद्धा हललेलं नाही. माझा राग तिथंच उतरला, आणि लाज वाटली.

मग पहिली वही काढली. तेच अक्षर.

“अक्का, ते असतानाबी तुम्हीच मोजत होता?”

त्यांनी वही माझ्या हातातून हळूच काढून घेतली. सकाळी त्यांना बाजार राहायचा, म्हणाल्या, आणि ते कुठं लिहू नका.

नाव नाही बदललं तर अठ्ठावीस वर्षं पाण्यात जातील, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी तोडगा काढला. वर त्यांचं राहू द्या, ते गेल्यावरच्या सालांना माझं लावा. तसं करता येतं. आतल्या डब्यावर वेगळं नाव लिहिलं की त्याच्यापुरतं तेच चालतं.

पण २००९चं काय? आमच्याकडं एका वर्षाला एकच मोजणारा. निम्मं साल ते होते, निम्मं नव्हते. मला वाटलं, तेही नवऱ्यालाच देतील.

सत्यभामाबाईंनी अंगणातल्या पर्जन्यमापकाकडं बघितलं.

“त्या सालचं माझं लिवा,” त्या म्हणाल्या. “त्यांना आत निजवलं हुतं, अन् मी बाहेर येऊन मोजलंय.”