कूलरसमोरची गिटार

गिटारच्या तारा किलोवर मिळतात असं समजून मी दुकानात गेलो नव्हतो, एवढं माझ्या बाजूनं आधीच सांगून ठेवतो. बाकी सगळं चुकलं.

त्याचं असं झालं, बायको गिटार वाजवत असताना तिची सगळ्यात बारीक तार तुटली. ती तुटकी तार मी बोटावर गुंडाळून पाहिली आणि मला तिची कीवच आली. केसासारखी! माझं नागपूरला रामदासपेठेत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आलोय, की दिव्याला दीडची वायर चालेल, पण एसीला चारचीच टाका, वायरीत काटकसर करू नका. जाड वायर तापत नाही, जळत नाही, पुन्हा भिंत फोडावी लागत नाही. तेव्हा तार म्हटली की जाड तीच चांगली, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

बर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात मालकानं विचारलं, "कौनसा गेज?"

गेज, म्हणजे तारेची जाडी, म्हटल्यावर मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. "सबसे मोटा कौनसा है?"

"इलेक्ट्रिक के लिए नौ, दस, ग्यारह... बारह सबसे मोटा है. जॅझ बजाते हैं क्या?"

"हां, वैसा ही कुछ," मी म्हणालो आणि बारा नंबरचा संच घेऊन आलो.

गिटार खरं तर आमच्या मुलाची. नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा "पावसाळ्यात येऊन घेऊन जातो" म्हणून हॉलच्या कोपऱ्यात स्टँडवर उभी करून गेला. बायको आधी तिच्यावरची धूळ पुसायची. मग पुसता पुसता एखादी तार छेडायला लागली. आणि एक दिवस व्हिडिओ कॉलवर तिनं मुलाला विचारलं, "काय रे, हे डाव्या हाताचं बोट नेमकं कुठं ठेवाचं?" तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा रियाज सुरू झाला.

बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. ज्या पेशंटची शीर कोणालाच सापडत नाही, त्याला तिच्याकडे पाठवतात. ती डाव्या हाताचं बोट त्याच्या कोपरात हलकेच फिरवते, मध्येच थांबते आणि म्हणते, "हे पहा, इथं लपून बसली." आपल्या बोटांवर तिचा फार भरवसा.

तिला गिटारवर एकच धून वाजवायची होती. माझे सासरे काटोलचे, संत्र्याचे व्यापारी. ढिगासमोर उभं राहून एकेक संत्रं हातात फिरवताना ते शीळ घालायचे. कायम तीच धून. ती कोणत्या गाण्याची, हे त्यांनाही सांगता येत नाही. आता ते घरीच असतात आणि शीळही बंद झालीय, दातांमुळे. मे महिन्यात त्यांची पंच्याहत्तरी होती, तेव्हा सगळ्यांसमोर ती शीळ वाजवायची, असं बायकोनं ठरवलं. काटोलच्या आपल्या वहिनीला तिनं फोनवर सांगितलंही, म्हणजे अर्ध्या काटोलला कळलं.

अशा वेळी मी बारा नंबरच्या तारा चढवल्या.

तारा पिळताना मागची लोखंडी पट्टी, जिच्यावरून सगळ्या तारा जातात ती, जरा वर उचलली गेली. मला वाटलं, छान, गिटार कशी ताठ झाली! मोबाईलवरचं सूर दाखवणारं अॅप हिरवं होईपर्यंत मी पिळत राहिलो आणि गिटार मोठ्या अभिमानानं बायकोच्या हातात दिली.

"अहो, हे दाबल्याच जात नाही."

"नवीन आहेत वं. सुटतील हळूहळू. नवीन चप्पल नाही चावत?"

"चप्पल पायात घालतात. मी बोटानं वाजवून राहिली."

आठ दिवसांत तिच्या बोटांच्या टोकांवर करकोचे पडले. मुलाला कळलं तेव्हा तो फोनवरच ओरडला, "बाबा, बारा? आई नऊवर शिकून राहिली ना!"

"नऊची तुटली बापा. बाराची तोडून दाखव."

"नाही तुटणार. आईचं बोट तुटन."

मग त्यानं मला समजावलं. तार जाड असो की बारीक, तिच्यातून तोच सूर काढायचा तर जाड तार जास्त ताणावी लागते. जितका ताण जास्त, तितका ती दाबायला बोटाचा जोर जास्त लागतो. शिवाय त्या जास्तीच्या ताणानं मागची पट्टी उचलली गेली, म्हणून तारा आणखी उंच झाल्या. बोटाला आता लांबवर जायचं आणि जोरही जास्त लावायचा. "वाळत घालायची दोरी आहे ना बाबा, ती सैल असली की एका बोटानं खाली येते. ताणून बांधली की लोंबकळावं लागते." एवढं बोलून तो थांबला असता तर बरं झालं असतं. पण शेवटी त्यानं विचारलंच, "हे तुम्हाले कोणी सांगितलं, जाड तारा लावा म्हणून?" मी म्हटलं, नेटवर्क जाऊन राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी नऊ नंबरच्या तारा आणल्या. वाद्यांच्या दुकानाच्या मालकानं ओळखलं. "जॅझ छोड दिया?"

बारीक तारा लावल्यावर गिटार थोडी सुधारली. पण थोडीच. पट्टी जागेवर बसली, तारा बारीक झाल्या, तरी बायकोचं बोट मधल्या पडद्यांवर, म्हणजे दांड्यावरच्या त्या धातूच्या आडव्या काड्यांवर, गेलं की अडायचं. पूर्वी ती जे सहज वाजवायची ते आता दात आवळून वाजवायची. मी मात्र मनातून सुटलो होतो. तारा तर बदलल्या. आता दोष माझा नाही.

तिनंही मला दोष दिला नाही. एकदा जेवताना आपला डावा हात समोर धरून ती बोटं उघडत-मिटत बसली. तिच्या आईची बोटं शेवटी शेवटी वाकडी झाली होती, भाकरी थापता यायची नाही.

"माझंही तेच सुरू झालं वाटते," ती म्हणाली. "वहिनीले सांगून देते, गिटार नाही आणत म्हणून."

"अवं, काहीच्या काही! थकली असशील."

"थकलं म्हणजे दुखते. हे अडून राहिलं. काल एका म्हाताऱ्याची शीर मले दुसऱ्यांदा शोधावी लागली."

रिपोर्ट हातात देताना बोलावं, तितक्या सपाट आवाजात ती हे बोलली. मी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली. तिनं ती परत माझ्या पानात ठेवली.

आता कूलरचं सांगायला हवं. नागपूरच्या बाहेरच्या माणसाला वाटेल, मध्येच कूलर कुठून आला. पण आमच्याकडे एप्रिल ते जून घराचा मालक कूलरच असतो. मी दरवर्षी स्वतः त्याचं गवत बदलतो, पंप साफ करतो, खिडकीत बसवतो. पाहुणा आला की त्याला कूलरसमोरची खुर्ची देतात. सरळ हवेच्या झोतात कोण झोपणार, यावरून भावाभावांत अबोला धरलेला मी पाहिलाय. त्या वर्षी कूलर लावला तो नेमका जाड तारांच्याच आठवड्यात. आणि लावल्याबरोबर मी मोठ्या मायेनं गिटारचा स्टँड कोपऱ्यातून उचलून झोतासमोर ठेवला होता. पुण्याची वस्तू नव्हे, तरी पुण्याला जाणारी. तिला नागपूरचं ऊन कशाला, असा विचार.

मध्येच कूलरचा पंप जळाला. नवीन येईपर्यंत दोन-तीन दिवस नुसता पंखा गरम हवा फेकत होता. आम्ही ओला पंचा अंगावर टाकून बसलो होतो आणि बायकोनं सवयीनं गिटार मांडीवर घेतली. जरा वेळानं ती म्हणाली, "अहो, आज दबून राहिलं हो!" ती संपूर्ण धून तिनं न अडता वाजवली. मी आदल्या दिवशी कुठलंसं सांधेदुखीचं तेल आणून दिलं होतं, त्याचं श्रेय मी लगेच घेतलं.

नवा पंप बसवला, गवत भिजलं, घर गार झालं. दोन दिवसांत गिटार पुन्हा ताठ. मी तेलाची बाटली पुढं केली. तिनं बाटलीकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"कूलर बंद करा."

"काय?"

"दोन दिवस. मले पाह्याचं आहे."

मे महिन्यात नागपुरात नवऱ्याला कूलर बंद करा म्हणणारी बाई एक तर माहेरी जायच्या तयारीत असते किंवा तिला खरोखरच काहीतरी सापडलेलं असतं. मी बंद केला. घामानं उशी भिजली. मी रात्रभर कूस बदलत राहिलो आणि ती मजेत. तिचं म्हणणं सरळ होतं. तेल रोज लावलं, तारा त्याच, बोटं तीच. बदललं काय, तर फक्त कूलरचं पाणी. लॅबमध्येही दोन रिपोर्ट जुळले नाहीत की ती आधी हेच पाहते, मध्ये बदललं काय.

दोन दिवसांनी गिटार मऊ. मग कूलर सुरू करून गिटार बेडरूममध्ये ठेवली, जिथं कूलरची हवा पोचत नाही. तरी मऊ. परत झोतात ठेवली, ताठ. आता खात्री करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती कितीतरी वेळ आपल्या बोटांकडे पाहत होती. हरवलेली वस्तू घरातच सापडावी, तसा तिचा चेहरा.

मुलानं फोनवर सांगितलं, लाकूड ओल पितं. गिटारचा दांडा ओल पिऊन किंचित पुढं वाकतो आणि मधल्या भागात तारा पडद्यांपासून उंच होतात. दांड्याच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहा म्हणाला. पाहिलं, तर जुन्या खाटेसारखा मधे झोळ पडलेला.

"आत एक लोखंडी सळई असते. तिच्यानं दांडा सरळ करता येते. पण बाबा, तुम्ही हात नका लावू. आई बेडरूममध्ये ठेवते ना? बस्स."

सळई, तिचा पेच, तो फिरवायची एलन की! आणि हात लावू नका? ज्या माणसानं तीस वर्षं कूलर स्वतः बसवला, त्याला? मी बायकोदेखत तो पेच पाव फेरा आवळला, अगदी हलक्या हातानं. गिटार हॉलमध्ये, चालू कूलरसमोर, लोण्यासारखी झाली. बायकोनं वाजवून पाहिली आणि परत स्टँडवर ठेवली, म्हणजे मान्य. पंच्याहत्तरीपर्यंत तिला पुन्हा कूलरसमोर बसून वाजवता येईल याची मी सोय केली होती. काटोलला तिच्यासोबत कूलर जाणार नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

पंच्याहत्तरीच्या आदल्या दिवशी आम्ही एसटीनं काटोलला पोचलो. गिटार माझ्या मांडीवर. रात्री सगळे गच्चीवर झोपले, गिटारही. सकाळी अंगणात खुर्च्या मांडल्या, सासऱ्यांना नवं धोतर नेसवून मधोमध बसवलं. बायकोनं सोबत आणलेला छोटा अॅम्प, म्हणजे गिटारचा स्पीकर, लावला आणि पहिली तार छेडली. झर्र्र्. दुसरी. झर्र्र्. टिनाच्या पत्र्यावर माशी अडकल्यासारखा आवाज.

"नणंदबाई, हे वाजून राहिलं की बिघडून राहिलं?" वहिनी म्हणाली. सगळे हसले. सासरे हसले नाहीत. ते कानामागं हात धरून वाट पाहत होते.

कोरड्या हवेत दांडा सुकून मागं गेला होता. मी आधीच पाव फेरा आवळलेला. आता तारा पडद्यांना टेकत होत्या. बायकोनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिनं नुसता हात पुढं केला, लॅबमध्ये सुई मागतात तसा. मी खिशातून एलन की काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं गिटार आडवी घेतली, किल्ली घातली, पाव फेरा उलटा फिरवला, तार छेडली, पुन्हा कणभर फिरवला. तार स्वच्छ बोलली. सगळ्या तारा सुरात लावून तिनं धून वाजवली. लहानच आहे ती. संपल्यावर सासऱ्यांनी ओठ गोल केले, फुंकून पाहिलं, नुसती हवा आली. तेव्हा त्यांनी बोटानंच खूण केली, पुन्हा.

तिनं पुन्हा वाजवली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कढई हातात घेऊन उभी राहिली होती.

परतीच्या एसटीत बायको खिडकीशी बसली होती, गिटार तिच्या मांडीवर, किल्ली परत माझ्या खिशात. कळमेश्वर आलं. तशी ती हात पुढं करून म्हणाली, "ती किल्ली इकडे द्या. अन् पोट्ट्याले फोन करून सांगा, पावसाळ्यात आला तरी गिटार नाही भेटत. त्यानं दुसरी घ्यावी."