अब्बांची हातानं चालणारी गाडी

अब्बांची गाडी बाहेरून कुणाच्याही दारात उभी असते तशीच दिसायची. पांढरी, छोटी, ऑटोमॅटिक. आत डोकावलं की मात्र लोक थबकायचे. स्टेअरिंगच्या डाव्या अंगाला एक लोखंडी दांडा होता आणि त्याच्या टोकाला काळी रबरी मूठ. दांडा पुढे ढकलला की ब्रेक लागायचा, खाली दाबला की गाडी पळायची. पेडल खाली होते, पण अब्बांचा पाय चुकून त्यांच्यावर पडू नये म्हणून त्यांच्यासमोर पत्रा बसवून घेतला होता. पाय पडला तर ते अब्बांना कळलंच नसतं. कमरेखाली त्यांना काही जाणवत नाही.

मी बारावीत होते तेव्हा ते बांबूचा ट्रक चालवायचे. एटापल्लीच्या जंगलातून बांबू भरायचा आणि बल्लारपूरला आणून उतरवायचा, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. एका दुपारी चढावर गुरं आडवी आली म्हणून त्यांनी भरलेला ट्रक थांबवला. गुरं गेल्यावर पुन्हा उचलताना ट्रक मागे सरकला आणि नाल्यात गेला. शुद्ध आली ती नागपूरच्या दवाखान्यात. मधलं त्यांना एवढंच आठवत होतं की आपण उताणे पडलो आहोत, वरून झाडांची पानं सरकताहेत आणि खाट खांद्यावर घेतलेला एक माणूस माडियात, तिथल्या आदिवासींच्या बोलीत, सारखं काहीतरी बोलतो आहे. एटापल्लीच्या दवाखान्यात त्यांना कुण्या जीपवाल्यानं सोडलं होतं. तो जीपवाला कोण, खाट कोणत्या गावची, हे कुणालाच सांगता आलं नाही.

खाट खांद्यावर घेतलेल्या त्या माणसाला एकदा भेटायचं, हे अब्बांनी मनाशी धरून ठेवलं होतं. सुरुवातीला ओळखीच्या ट्रकवाल्यांना ते विचारायचे, मग विचारणंही कमी झालं. चाकाच्या खुर्चीत बसून ते दाराशी असत. लग्नाकार्याला जात नसत, कारण कुठे पायरी आली की चार जण धावत येऊन त्यांना उचलत आणि ते त्यांना सहन होत नसे. "मी काय सिमेंटची बोरी हाय का?" असं ते एकदाच म्हणाले. त्यानंतर अम्मीनं त्यांना कुठे चला म्हणून आग्रह केला नाही.

गाडीचं खूळ आणलं ते अब्बांच्या जुन्या दोस्तानं. ट्रक स्टँडवर इंजिनं खोलणारा हा मिस्त्री दर शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे चहाला यायचा. तोवर मी शाळेत नोकरीला लागले होते आणि घरात छोटी गाडी घ्यायची बोलणी चालली होती.

"घ्याचीच हाय तर ऑटोमॅटिक घ्या," तो म्हणाला. "नागपूरले तिले हाताचा दांडा लावून देते. भाऊ, तू चालवशील."

"मजाक करून राह्यला का माह्याशी?" अब्बा म्हणाले.

"मजाक नाई. मी पाहून आलो. तुह्यासारखाच एक माणूस होता. बायकोले बाजूले बसवलं अन् गेला निघून."

पुढच्या शुक्रवारी चहा यायच्या आधीच अब्बांनी मिस्त्रीला विचारलं, "तो माणूस चढावर कशी उचलते गाडी?"

दांडा बसवून गाडी आली तेव्हा मिस्त्रीनं त्यांना कागद कारखान्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात नेलं. मी मागच्या सीटवर होते. पहिले काही दिवस फार वाईट गेले. अब्बांचा डावा हात घाबरला की दांडा खाली दाबायचा आणि गाडी उसळी मारायची. पट्टा लावला नाही की गाडी टीं टीं करायची, मागे काही आलं की वेगळा आवाज करायची. "जन्मभर टरक चालवला, आता ही मले शिकवते," असं म्हणून ते तिच्यावर चिडायचे. पण रोज सकाळी तयार होऊन बसायचेही.

मग मिस्त्रीनं त्यांना रेल्वेच्या पुलाचा चढ दाखवला. अर्ध्यात थांबायला सांगितलं. "आता ब्रेक सोड," तो म्हणाला. अब्बांनी सोडला नाही. त्यांच्या मुठीवरच्या शिरा मला मागून दिसत होत्या. "सोड भाऊ. ही गाडी मांगं जात नाई. तशी सोय हाय तिच्यात, ती स्वतःच धरून ठेवते."

अब्बांनी हळूच दांडा सोडला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मग त्यांनी वेग दिला आणि ती वर चढली.

"पाह्यलं? अशी सोय तवा त्या टरकात असती तर..." मिस्त्री बोलून गेला आणि मध्येच थांबला. पूल उतरल्यावर अब्बांनी गाडी कडेला घेतली, पुन्हा वळवली आणि न सांगता पुन्हा चढावर नेली. मधोमध थांबवली, सोडली, उचलली. असं ते करतच राहिले. मिस्त्री खिडकीबाहेर बघत होता. मी रडत होते, पण आवाज होऊ दिला नाही.

चंद्रपूरला परीक्षा झाली, लायसन्स मिळालं. अब्बा बाजारात जाऊ लागले, मशिदीच्या दारापर्यंत जाऊ लागले. आणि एका मार्चमध्ये, शाळेला सुट्टी होती तेव्हा, ते मला म्हणाले, "चल, एटापल्लीकडं जाऊन येऊ."

गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी, मग आलापल्लीचं सागाचं जंगल. समोरून लोहखनिजाचे मोठाले ट्रक येत होते आणि झाडांची पानं लाल धुळीनं माखली होती. एटापल्ली ओलांडून बरंच आत गेल्यावर एका चढाच्या पायथ्याशी अब्बांनी गाडी थांबवली.

"इथीच," ते म्हणाले.

उजवीकडे नाला होता. नाल्याच्या काठावर ऐनाचं झाड आणि त्याच्या बुंध्याशी दगडांचा ढीग, माझ्या कमरेएवढा. खालचे दगड शेवाळून काळे पडलेले, वरचे ताजे. मी उतरून बघत होते तेवढ्यात रस्त्यानं एक म्हातारी आली. डोक्यावर मोहफुलांची टोपली होती. तिनं वाकून एक दगड उचलला, ढिगावर ठेवला आणि पुढे निघाली.

"बाई, हे कोणासाठी?" मी विचारलं.

ती थांबली. मराठी जपून, एकेक शब्द शोधून बोलत होती. "डायवर मेला होता इथी. बांबूवाला. जाता-येता टाकतो आम्ही. सारा गाव टाकते."

गाडीची काच खाली होती. अब्बांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे वळायला घाबरले.

"बाई," ते आतून म्हणाले, "तो डायवर मीच हावो. मेलो नाई मी."

म्हातारी गाडीजवळ आली. खिडकीत अगदी नाक लावून तिनं त्यांचा चेहरा पाहिला, मग न हलणाऱ्या पायांकडे पाहिलं, आणि टोपली खाली ठेवून रस्त्यावरच बसली. बराच वेळ ती माडियात काहीतरी पुटपुटत होती. आम्हाला त्यातलं काही कळलं नाही.

मग तिनं सांगितलं. तिच्या नवऱ्यानं अब्बांना केबिनमधून ओढून काढलं होतं. त्यानं आणि गावच्या तिघांनी त्यांना खाटेवर घालून डांबरी सडकेपर्यंत नेलं. हा माणूस झोपू नये म्हणून तिचा नवरा वाटभर त्याच्याशी बोलत होता. पण सडक यायच्या आधीच अब्बांचा आवाज बंद झाला, डोळे मिटले. जीपमध्ये ठेवताना अंग गार लागलं. परत येऊन तिच्या नवऱ्यानं या ढिगाचा पहिला दगड ठेवला.

"तो कुठी हाय?" अब्बांनी विचारलं.

"मागल्या पावसात गेला. ताप आला होता." मग ती म्हणाली, "नेहमी म्हणे, अजून जोरात चाललो असतो तर जगला असता तो."

अब्बांनी स्टेअरिंगवर डोकं टेकलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. इतकी वर्षं इकडे ते त्या माणसाला भेटायचं म्हणत होते आणि तिकडे तो यांचं मरण स्वतःच्या पायांवर घेऊन बसला होता. मध्ये होता फक्त सकाळी निघून दुपारी पोचण्याएवढा रस्ता.

म्हातारीला घेऊन आम्ही गावात गेलो. माणसं जमली. खाट धरणाऱ्या तिघांपैकी एक जण अजून होता. तो अब्बांचा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला. एक पोरगं ते दगड काढून टाकायचे का म्हणून विचारू लागलं, तर म्हातारी म्हणाली, "राहू दे. ज्यानं ठेवला त्यानं मनापासून ठेवला."

अब्बांना तिच्या नवऱ्याला जिथे पुरलं होतं तिथे जायचं होतं. जागा गावाबाहेर, बांधांच्या पलीकडे होती. गाडी अर्ध्यापर्यंतच गेली. खुर्चीची चाकं ढेकळांत रुतली. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी जाऊन खाट आणली आणि लाजत लाजत ती गाडीपाशी ठेवली. मला वाटलं आता अब्बा नाही म्हणतील.

"उचला भाऊ," ते म्हणाले.

चौघांनी त्यांना उचललं. मी मागे चालत होते. पुरलेल्या जागेच्या डोक्याशी उभा दगड रोवलेला होता, तिथे त्यांनी खाट टेकवली. अब्बांनी हात उचलून दुवा केली. मग खाली वाकून मातीवर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले की तुम्ही बरोबर चालला होता, भाईसाहब, अगदी बरोबर चालला होता. म्हातारीला ते कितपत समजलं मला माहीत नाही. ती शेजारी बसून होती.

त्यानंतर आमचं जाणं-येणं सुरू झालं. होळीनंतर अब्बा तिकडे जातात, कधी अम्मीही बरोबर असते. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गेल्या थंडीत अब्बांनी तिला स्वतः गाडीतून चंद्रपूरला आणलं, ऑपरेशन झालं, आणि पट्टी निघेपर्यंत ती बल्लारपूरला आमच्याच घरी राहिली. अम्मी आणि ती, एकीला दुसरीची भाषा येत नसताना, दिवसभर अंगणात बसून लसूण सोलत गप्पा मारत.

पट्टी सोडवून तिला घरी आणलं त्या सकाळी अब्बा खुर्चीवर ऊन खात बसले होते. म्हातारी त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे, कपाळावरच्या सुरकुत्यांकडे तिनं बराच वेळ निरखून पाहिलं.

"तू तर लय बुढा झाला रे," ती म्हणाली.

"हव ना बाई," अब्बा म्हणाले. "जगलो ना."