शंभर संधींचा नियम

एप्रिल लागला की माझी सकाळ दुसऱ्यांच्या संध्याकाळी सुरू होते. मनीषनगरात पाच वाजतात, फाटकाकडून एखादी मालगाडी रेंगाळत जाते, आणि माझ्या लॅपटॉपच्या पलीकडे, समुद्राच्याही पलीकडे, कुठल्याशा मैदानात दिवे लागलेले असतात. खरं सांगायचं तर बेसबॉलचा एकही सामना मी धड पाहिलेला नाही. मी फक्त आकडे बघते. ते हळूहळू बदलत राहतात, कूलरचा ओला वारा पाठीवर येतो, आणि आपण कुठल्या गावात बसलोय हेही क्षणभर आठवत नाही. अर्धवट झोपेत कधी कधी ते खेळाडू मला आमच्या बागेत संत्र्याच्या झाडांसारखे रांगेने उभे दिसतात. चेहरे नसतातच. मला ती वेळ फार आवडते.

हे खूळ ऑफिसातलं. अमेरिकेतल्या सहकाऱ्यांची एक फॅन्टसी लीग आहे. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपला काल्पनिक संघ निवडायचा, आणि ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्याला. एका वर्षी एक गडी कमी पडला म्हणून मला ओढलं. हिला काय कळणार, असं त्यांना वाटलं असावं. पण लहानपणी क्रिकेटच्या सरासऱ्या पाढ्यांसारख्या पाठ केलेल्या माणसाला कुठलेही आकडे चालतात. मी हिटरांची, म्हणजे त्यांच्याकडच्या फलंदाजांची, क्रमवारी लावायला घेतली आणि पहिल्याच मोसमात सगळ्यांची तोंडं बंद केली. माझा एक नियम होता. शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिल्याशिवाय कोणालाही यादीत जागा नाही. चार दिवस चाचपडणारा पोरगा पुढे चमकू शकतो, चार दिवस चमकणारा आपटू शकतो. थोड्याशा संधींवर माणूस जोखायचा नाही. हे मी त्यांना मोठ्या तोऱ्यात लिहूनही पाठवलं होतं.

बाबा माझ्याकडे आले ते नरखेडकडची बाग विकून. विकायला मीच लावली. विहिरीचं पाणी खाली गेल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं बोअर मारले. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून झाडांमधून फिरायचा. नारळ जिथे उभा राहील तिथे चुन्याची खूण, लिंबू, उदबत्ती, आणि मग बोअरची गाडी. असे तेरा बोअर झाले. चारांना पाणी लागलं, नऊ कोरडे गेले. चौदावा मारायचं बाबांच्या मनात होतं. तेव्हा मी ते नऊ कोरडे एका कागदावर ओळीने लिहिले आणि त्यांच्यापुढे ठेवले. "तेरातले नऊ वाया गेले, बाबा. तुम्हाले नाही जमत हे." असं मी म्हटलं. ते कागदाकडे बराच वेळ बघत बसले. महिन्याभरात त्यांनी बाग देऊन टाकली.

इथे आल्यावर ते भांडले नाहीत, रुसलेही नाहीत. रोज पहाटे उठून नळी लावून कूलरची टाकी भरायचे. पण काहीही विचारलं, अगदी गॅलरीतल्या कढीपत्त्याबद्दलसुद्धा, तरी एकच उत्तर यायचं, "मले काय समजते त्यातलं." नुसतं पान चोळून झाडाचा रोग सांगणारा माणूस होता तो. आसपासच्या गावांतून लोक विचारायला यायचे. त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला होता आणि तो मी घालवला होता. तो परत यावा एवढंच मला हवं होतं, पण कागद फाडून काही तो येत नाही.

मे महिन्यातली एक पहाट. बाबा टाकीत नळी सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काय करून राहिली वं?"

"खेळाडूंची यादी. सगळ्यात चांगला सगळ्यात वर."

"वरचा किती मारते?"

"दहातून तीनदा."

"अन् सात?"

"वाया."

ते खुर्ची ओढून बसले. "सात वाया जाते, तरी वर?"

"तिथे सगळ्यांचेच जातात, बाबा. तीन लागले म्हणजे लई झालं."

बाहेर उजाडत होतं. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. मग त्यांनी विचारलं, "तेरातून चार लागले, त तो कुठं बसते?"

माझ्या बोटांनी सवयीने भागाकार केला. "हजारात तीनशे आठ. बराच वर." आणि त्याच सवयीने पुढचंही बोलून गेले. "पण तेरा फार कमी झाले. एवढ्यावर मी कोणाले ठरवत नाही. शंभर तरी लागतात."

"मंग माह्यं काहून ठरवलं वं?"

आवाजात राग नव्हता. चहा टाकला का, असं विचारावं तसं विचारलं त्यांनी. ज्यांची तोंडं मी कधी बघणार नाही त्या पोरांना मी शंभर संधी देत होते, आणि बापाला चौदावी दिली नव्हती.

"चुकलं माह्यं," मी म्हटलं.

टाकी भरून पाणी फरशीवर यायला लागलं होतं. बाबा उठले, नळ बंद केला, पोछा आणून पाणी टिपलं. वाकलेले असतानाच म्हणाले, "चौदावा आंब्याखाली मारणार होतो. नारळ नव्हता फिरवला तिथं. माह्या मनानं ठरवली होती जागा. उन्हाळ्यातही तिथलं गवत हिरवं राहे." मग पोछा पिळून सरळ उभे राहिले. "तिथं पाणी होतं."

किती दिवसांनी ते काहीतरी इतकं ठामपणे बोलले होते. मी लॅपटॉप बंद केला.

"होतं, बाबा," मी म्हटलं.