तोंडावर पदर धरलेली बाई

कारभारनीसंगं शेवटचं काय केलं, तर अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. त्याच दुपारी छातीत कळ आली आन ती गेली.

पुढं महिनाभरानं नातीची दाढ ठणकाय लागली. पहिल्यांदाच तिला मुखेडहून यष्टीनं नांदेडला दाताच्या डॉक्टरकडं नेलं. बाकड्यावर शेजारी एक बाई. तोंडावर पदर गच्च धरलेला, चहाबी पदराआडून नळीनं पीत होती. नातीनं जांभई दिली तशी बाईनं वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला.

"काका, लेकराला तंबाखूची मिसरी कोन लावतंय?"

"येडी हाईस का बाई? पाच वर्साचं लेकरू हाय."

नात म्हनली, "मीच लावते, आबा. आजीच्या डबीतली. मग आजीवानी वास येतो."

बाईनं पदर खाली घेतला. एका बाजूचा जबडाच कापून काढलेला.

"मीबी माझ्या आजीचंच बघून शिकले," म्हनली आन पदर परत वर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबी मोरीत ओतली आन राखेनं घासाय बसलो. नात लोळून रडत होती, मीबी रडत होतो. पन वास जाईस्तोवर घासायचं सोडलं न्हाई.