टीचरम्मांचा परवचा

टीचरम्मा संगीत शिकवायला आल्या की आधी संगीत बंद करत. कोपऱ्यात भक्तिगीतं ओकणारा स्पीकर उचलायचा, कपाटात कोंडायचा, किल्ली कमरेला. मग सेविकांकडे वळून म्हणायचं, "हां, आता माणसं ऐकू येतील."

चेन्नईजवळच्या तांबरममधल्या त्या वृद्धनिवासात डिमेन्शिया झालेली म्हातारी माणसं राहत, आणि त्यांना सुरांनी कसं सांभाळावं हे टीचरम्मा सेविकांना शिकवत. मूळच्या तंजावरकडच्या मराठी घरातल्या; जन्म शाळेत गाणं शिकवण्यात गेलेला. माझं मराठी ऐकून हसत. "तुझं इस्त्रीचं रे कण्णा. माझं घरात नेसायचं."

वर्गात एकीनं म्हातारं होऊन रुसायचं, दुसरीनं तिच्या श्वासाच्या लयीत गुणगुणायचं. एकदा मी हौसेनं म्हातारा झालो. असा थरथरलो, असा खोकलो की टाळ्याच पडायला हव्या होत्या! टीचरम्मा म्हणाल्या, "याला सेविका नको. याला प्रेक्षक पाहिजेत."

माझे वडील, नाना, तिथेच होते. रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त. आयुष्यभर वापरलेलं तमिळ आणि इंग्रजी पार पुसलं गेलेलं. दिवेलागण झाली की "घरी जायचंय" म्हणत दाराच्या कडीशी झोंबत. एका संध्याकाळी अडवायला गेलेल्या सेल्वी या सेविकेचा हात त्यांनी पिरगाळला. व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत दुसरी सोय बघा." दुसरीकडे त्यांना कोणी घेईना.

सेविकांनी आपल्या परीनं उपाय केला होता. मराठी आजोबा, म्हणजे अभंग! मोठ्या प्रेमानं शोधून मोठ्या आवाजात लावले. नानांनी स्पीकरला सांबाराची वाटी फेकून मारली.

"त्यांना गाणं आवडतच नाही हो," मी टीचरम्मांना म्हणालो.

"आवड कोणी विचारली? दिवा लावल्यावर तुमच्या घरात काय ऐकू येई, ते सांग."

"काही नाही. परवचा. नाना आम्हा पोरांकडून पाढे म्हणवून घ्यायचे. चुकलं की, 'गाढवा, पुन्हा!'"

"चालीवर म्हणायचात?"

"म्हणजे काय! पाढे चालीवरच म्हणतात."

"अय्यो, मग इतके दिवस तोंड शिवलं होतं काय? बस खाली. सेल्वीला शिकव."

आणि मी, पन्नाशीचा पोट सुटलेला गृहस्थ, मांडी घालून, डुलत डुलत, बे एके बे! सेविका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. सेल्वी तेवढी हसली नाही. तिनं चाल उचलली.

दुसऱ्या संध्याकाळी नाना कडीशी झटत होते. सेल्वीचा हात अजून दुखत होता, पण ती पुढे निघाली. टीचरम्मांनी तिला खुणेनं थांबवलं: समोर नको, शेजारी. हात लावू नकोस. सेल्वी त्यांच्याच बाजूला दाराकडे तोंड करून उभी राहिली आणि तिनं सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक..." इथं ती अडली.

नानांनी कडी सोडली.

"आठ!" ते गरजले. "पुढे म्हण!"

महिनाअखेर आली, गेली. नाना राहिले.

टीचरम्मा मागच्या वर्षी वारल्या. नव्या सेविकांचा वर्ग आता सेल्वी घेते. आधी स्पीकर कपाटात, किल्ली कमरेला. दिवेलागणीला सगळा मजला परवचा म्हणतो. त्यातल्या निम्म्या आजी-आजोबांनी त्याआधी उभ्या जन्मात मराठी ऐकलेलं नव्हतं.

नाना मला ओळखत नाहीत. मी मागे बसतो आणि सातच्या पाढ्यात मुद्दाम, खणखणीत आवाजात चुकतो.

"गाढवा, पुन्हा!"

सगळे वळून बघतात. मी छाती पुढे काढतो आणि पुन्हा म्हणतो.