रविवारच्या कहाणीला हूं देणारी

देवावर माझी श्रद्धा किती उरली होती, हे मला खरेच सांगता येणार नाही. सासूबाई गेल्यावर त्यांचे पौषातले रविवार मी धरले, ते भक्तीने नव्हे, धास्तीने. दिवसभर उपास, सूर्यनारायणाची पूजा आणि मग कहाणी. सांगणारी आणि ऐकणारी, दोघींनी मुठीत तांदूळ धरायचे. ऐकणारीने दर वाक्याला हूं म्हणायचे. ऐकणारी मिळाली नाही तर उपास सोडायचा नाही, असा आमच्या घरचा नेम.

सासूबाईंना मी कधी हूं दिला नाही. बारा वर्षांपूर्वी चार वर्षांच्या लेकीला, सोनीला, त्यांच्याजवळ ठेवून आम्ही नवराबायको ऊसतोडीला गेलो आणि पाचव्या दिवशी पोर तापाने गेली. म्हातारीने लक्ष दिले नाही, असे लोक म्हणाले. माझे मालकही, म्हणजे त्यांचा स्वतःचा मुलगाच, म्हणाले. मी गप्प राहिले. खरे असे, की निघायच्या सकाळीच सोनीचे अंग चटका बसावा इतके तापले होते. मुकादमाची गाडी दारात उभी होती. बोलले असते तर थांबावे लागले असते. मी तिच्यावर गोधडी ओढली आणि सासूबाईंना म्हटले, "झोपू द्या, रातभर जागीच हाय." गोधडी काढताच त्यांना सगळे कळले असणार. पण मरेपर्यंत त्यांनी ते कुणाला सांगितले नाही. रविवारी त्या गाईला कहाणी सांगत आणि मी शेजारी भाकरी थापत असे.

या पौषात आमची गल्ली ओस होती, सगळे तोडीला गेलेले. मालक शेळ्या घेऊन रानात. दुपार कलली तरी ऐकायला कुणी नाही; सासूबाईंची गायही आता राहिली नव्हती. तेवढ्यात बोरं विकणारी एक मुसलमान म्हातारी पाणी प्यायला ओट्यावर टेकली.

"तोंड कावून सुकलंय गं?" तिने विचारले. मी नेम सांगितला.

"इतकंच ना? दे तांदूळ. पन लई लांबवू नको, माजी बोरं सुकत्याल."

कहाणी मला पाठ होती. नगर झाले, राणी झाली, राणीची लेक झाली. पुढे काय होते ते माहीत असूनही तोंडून निघाले, "लेकीला ताप आला." ती म्हणाली, "हूं." "आईला ठाऊक होतं." "हूं." मग राणी राहिलीच नाही. गाडी, गोधडी, सासूबाई, सगळे सांगून झाले. तिचा हूं एकदाही अडखळला नाही.

उठताना ती म्हणाली, "म्या आईकलं, बेटी. पन ज्याच्या मायला बोल लागला, त्यानं कुटं आईकलंय?"

दिवेलागणीला मी मालकांना सांगितले. बराच वेळ ते शेळीच्या दाव्याची गाठ सोडवत बसले. मग म्हणाले, "आईनं शेवटी माज्या हातचं पानी मागितलं व्हतं. म्या तुज्या हाती धाडलं." आणि बाहेर गेले.

त्या बाईला मी नंतर आष्टीच्या बाजारात शोधले, सापडली नाही. तिला कुणी पाठवले, हे मी विचारत नाही. हात मात्र जोडते. घरात आजही बोलणे कमीच आहे. मालक मला क्षमा करतील की नाही, ते मी सूर्यनारायणावर सोडले. खरे सांगणे एवढेच माझ्या वाट्याचे होते, आणि तेही एकटीने मला जमले नसते.