आईने शिंपडलेलं पाणी

निखाऱ्यावर ऊद पडला की मला दिवा स्टेशनजवळचं आमचं घर आठवतं. वडील गेल्यावर आईने ठाण्याच्या एका ऑफिसात नोकरी धरली आणि बऱ्याच वर्षांनी त्या दोन खोल्या घेतल्या. वास्तुशांतीच्या सकाळी नळाला पाणी नव्हतं, म्हणून शेजारच्या काकूंनी कळशीभर आणून दिलं. ओल्या रंगाच्या वासात धूर मिसळला होता. पूजेला कोण बसणार, असं गुरुजींनी विचारलं, तेव्हा माझे धाकटे काका म्हणाले, "मी आणि ही बसतो, वहिनी. तुम्हाला कसं चालेल?" आई आवाज न चढवता म्हणाली, "भावजी, घर मी घेतलंय. मीच बसणार." काका बाजूला सरकले. गुरुजींनी थोडा विचार केला आणि पाट तिच्यापुढे सरकवला. "बसा ताई. मुलीलाही शेजारी घ्या." पूजा झाल्यावर आईने आंब्याच्या पानाने घरभर पाणी शिंपडलं, अगदी मोरीपर्यंत. उरलेलं तिने स्वतःच्या डोक्यावर शिंपडलं आणि कपाळावरून ओघळलेलं पाणी तसंच राहू दिलं. काकांनीच पुढे होऊन तिला वाकून नमस्कार केला. आता मी डोंबिवलीला सासरी राहते, पण कुणी माहेर विचारलं की मी सांगते, "दिव्याला. माझ्या आईचं घर आहे तिथे."